सेटिंग्जचं पान नेमकं कुणासाठी असतं? (दूध संस्था, 'फ्लोअर' आणि माझी जिरलेली)

दहीभात | मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

गेली अकरा वर्षं मी गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो. दोन माणसांचं दुकान, मी आणि एक हाताखालचा मुलगा. काटा, फॅट मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. सभासदाचा नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर आणि रक्कम छापलेली पावती निघते. दहा दिवसांनी बिल.

गेल्या महिन्यात एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "सायेब, तुमच्या कॉम्प्युटरनं फॅट खाल्लंय. लोक दारात बसल्यात."

गेलो. पंधरा-वीस माणसं पायरीवर, प्रत्येकाच्या हातात पावत्यांची चळत. एका आजोबांनी मशीनवरचा आकडा रोज वहीत लिहून ठेवला होता. मशीन ४.५७ म्हणतंय, पावतीवर ४.५. दुसऱ्या दिवशी ४.६८, पावतीवर ४.६. आजोबा म्हणाले, "आधी पाचाच्या पुढचं वर जायचं. आता समदं खालीच जातंय."

बरोबर होतं त्यांचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'राउंडिंग मोड' अशी एक ओळ आहे. पर्याय तीन: हाफ अप (पाच किंवा जास्त असेल तर वर), फ्लोअर (नेहमी खाली), सीलिंग (नेहमी वर). कुणीतरी हाफ अपचं फ्लोअर केलं होतं. त्या संस्थेच्या दरपत्रकात फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे आहेत. दिवसाला १,४०० लिटर संकलन, साधारण निम्म्या नमुन्यांचा एकेक पॉइंट गेला, म्हणजे दिवसाला दोनशे-सव्वादोनशे रुपये. दहा दिवसांचे दोन हजारांच्या आसपास. रक्कम किरकोळ, पण दुधाच्या धंद्यात 'फॅट मारलं' हा शब्द एकदा निघाला की तो रकमेवर थांबत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत जातो.

सचिवांना विचारलं, भाऊ, हे कशाला बदललंत? ते म्हणाले, "नवा कागद आणलाय, अरुंद. पावती तिरकी यायची. म्हणून प्रिंटरचं बघत होतो. तिथं फ्लोअर दिसलं. फ्लोअर म्हंजे जमीन. म्हटलं कागद खालनं धरत असंल."

मंडळी, 'प्रिंटर रोल विड्थ'च्या बरोबर खालची ओळ 'राउंडिंग मोड' होती. दोन्ही 'ॲडव्हान्स्ड' नावाच्या टॅबमध्ये. त्या टॅबमध्ये एकूण ४३ ओळी आहेत, रात्री घरी येऊन मोजल्या. क्रम कुठला? मी ज्या क्रमानं त्या कोडमध्ये घातल्या तो.

खरं सांगतो, तिथं माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "कशाला हात लावायचा मग?" असंच. भाऊ काही बोलले नाहीत. पण परतीच्या वाटेवर डोक्यात तेच फिरत होतं. तो माणूस अठ्ठावीस वर्षं संस्था चालवतोय, दरपत्रक तोंडपाठ आहे. त्याला दूध कळत नाही असं नाही. माझं पान कळत नाही.

तर प्रश्न असा: प्रोग्रामर नसलेल्या माणसाला वापरता येईल असं सेटिंग्जचं पान करायचं कसं? पासवर्ड लावून सगळं बंद करणं हा एक उपाय आहे, पण मग दर दोन दिवसांनी मला फोन येणार. तुमच्याकडे काही चांगली उदाहरणं आहेत का?

---

निव्वळ_वाचक | मंगळवार, रात्री ११:०५

"कागद खालनं धरत असंल" 😂 भाऊंना दंडवत.

---

टर्मिनल_तात्या | मंगळवार, रात्री ११:३१

दहीभात, अनुभव छान लिहिलाय, पण निष्कर्षाकडे घाईनं जाऊ नका. आजकाल 'सामान्य माणसासाठी सोपं करा' म्हणजे 'पर्याय उडवा' असा अर्थ झालाय. २००२ साली लिनक्सवरचा ग्नोम २ हा डेस्कटॉप आला तेव्हा हाच विचार होता, की प्रत्येक पर्यायाची किंमत असते, म्हणून ढीगभर पर्याय काढले. डिसेंबर २००५ मध्ये खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून ग्नोमच्याच मेलिंग लिस्टवर लोकांना केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरायला सांगून मोकळा झाला. पुढे २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि साध्यासुध्या गोष्टी बदलायला लोक ट्वीक टूल नावाचं वेगळं अवजार टाकू लागले. पर्याय काढला तरी गरज जात नाही, मागच्या दारानं येते.

माझं मत विचाराल तर साधी टेक्स्ट फाइल ठेवा. प्रत्येक ओळीवर मराठीत टिप्पणी. ती मेल करता येते, कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवून फरक बघता येतो. पडद्यावरच्या ४३ खाचांचा फरक कसा बघणार?

---

दहीभात | मंगळवार, रात्री ११:४८

तात्या, फरक बघण्याचा मुद्दा पटला, तो ठेवतो. पण भाऊंना टेक्स्ट फाइल दिली तर एक स्वल्पविराम उडेल आणि सकाळी पाच वाजता संकलन बंद पडेल. मला पाच वाजता उठायचं नाहीये.

---

कपाटकिल्ली | बुधवार, सकाळी ७:१५

मी ग्रंथपाल, एका कॉलेजात. प्रोग्रामिंगचा आणि माझा संबंध नाही, तरी गेली आठ वर्षं आमच्या ग्रंथालयाचं कोहा मीच सांभाळते. सर्व्हर एक मुलगा बघतो, नियम माझे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी बनवलं आणि २००० साली तिथेच सुरू झालं. नावही माओरी भाषेतलं, भेट किंवा देणगी अशा अर्थाचं. त्यात सेटिंग्ज किती? शेकड्यांनी. दहीभातांच्या ४३ ओळी म्हणजे काहीच नाहीत. तरीही मी ती वापरू शकते, आणि का ते तुमचा धागा वाचताना पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

तिथे डाव्या कडेला ते प्रोग्रामरी नाव असतंच, पण शेजारी त्या सेटिंगचं एक पूर्ण वाक्य असतं, आणि निवडायची खाच त्या वाक्याच्या पोटात. मराठीत सांगायचं तर साधारण असं:

'दंड मोजताना उशिराचे दिवस [सरसकट / ग्रंथालय बंद असलेले दिवस वगळून] मोजावेत.'

हे नुसतं 'फाइन्स कॅलेंडर: ०/१' असतं तर मी हात लावला नसता. वाक्य वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला, 'ग्रंथालय कधी बंद असतं हे याला कुणी सांगितलंय?' कुणीच सांगितलं नव्हतं. सुट्ट्यांचं कॅलेंडर रिकामं होतं. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा दंड पोरांना लागला असता. एका वाक्यानं मला दुसऱ्या पानावर नेलं.

आता उलट बाजू. आणखी एक वाक्य आहे: 'वाचकाचा दंड [५] पेक्षा जास्त झाला तर त्याला पुस्तक देऊ नये.' तो पाचाचा आकडा आधीपासून भरलेला येतो. डॉलरच्या देशात पाच म्हणजे बरी रक्कम. आमच्याकडे दिवसाला एक रुपया दंड. दोन पुस्तकं तीन दिवस उशिरा आणली की सहा रुपये, आणि पोरगं देवघेवीच्या काउंटरवर अडकलं. पहिल्या आठवड्यात रांग लागली होती. चूक आमचीच, वाक्य समोर होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं. पण त्यातून एक कळलं. वाक्य कितीही चांगलं असलं तरी आत भरून ठेवलेली किंमत कुणाच्या तरी गावची असते.

---

वजाबाकी | बुधवार, सकाळी ९:४०

कपाटकिल्लीताई, मस्त प्रतिसाद.

मी करसल्लागार. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर टॅली, हिशोबाचं सॉफ्टवेअर. गावातल्या आडत दुकानातला दिवाणजी, इंग्रजी जेमतेम, पण बिनदिक्कत म्हणतो, "एफ बारा मारा, त्यात हाय." कसं जमलं?

मला दोन कारणं दिसतात. एक, एफ ११ आणि एफ १२ ही वाटणी. एफ ११ म्हणजे कंपनीचे नियम: जीएसटी लागू आहे का, बिलवार हिशोब ठेवायचा का. एफ १२ म्हणजे आत्ता समोर असलेल्या पडद्याची सोय. व्हाउचरमध्ये एफ १२ दाबलं तर व्हाउचरचीच सेटिंग्ज येतात, रिपोर्टमध्ये दाबलं तर रिपोर्टची. काम सोडून तिसऱ्याच खोलीत जावं लागत नाही. भाऊंना पावती छापताना पावतीच्याच शेजारी कागदाची रुंदी मिळाली असती तर ते तुमच्या त्या ॲडव्हान्स्ड अडगळीत शिरलेच नसते.

दुसरं कारण, तिथे बहुतेक ठिकाणी हो की नाही एवढंच विचारलेलं असतं. २०२० साली टॅलीप्राइम आलं त्यात सुरुवातीला मोजक्याच ओळी दिसतात आणि 'आणखी दाखवू का?' अशी एक ओळ असते. हो म्हटलं की बाकीच्या उघडतात. पर्याय उडवले नाहीत, तात्या. मागच्या फळीवर ठेवले.

---

टर्मिनल_तात्या | बुधवार, सकाळी १०:०२

मागच्या फळीवर ठेवण्याला माझा विरोध नाही. फळीच काढून टाकण्याला आहे.

बाकी गंमत म्हणून: फायरफॉक्स ब्राउझरच्या 'अबाउट कॉन्फिग' या आतल्या सगळ्या सेटिंग्जच्या पानावर पूर्वी इशारा यायचा, 'याने तुमची वॉरंटी जाऊ शकते'. फुकटच्या ब्राउझरची वॉरंटी! पुढे तो विनोद काढून साधी सावधगिरीची सूचना ठेवली.

---

पाचवा_मजला | बुधवार, सकाळी १०:२०

फायरफॉक्सचा विषय निघालाच आहे तर, २०१३ मध्ये २३ व्या आवृत्तीत त्यांनी 'जावास्क्रिप्ट चालू ठेवा' आणि 'चित्रं आपोआप दाखवा' या दोन खुणेच्या चौकटी नेहमीच्या पर्यायांतून काढून टाकल्या. कारण साधं: नकळत खूण निघाली की अर्ध्या वेबसाइट मोडतात, आणि त्या माणसाला वाटतं ब्राउझर बिघडला. ज्यांना खरंच हवं ते 'अबाउट कॉन्फिग'मध्ये अजूनही बदलू शकतात. तेव्हा बोंबाबोंब झाली होती, मीही त्यात होतो. आता वाटतं, बरोबर केलं. ज्या बटणानं घराचा मेन स्विच पडतो ते बेलच्या शेजारी लावू नये.

अँड्रॉइडचंही तसंच. प्रोग्रामरसाठीचे लपवलेले डेव्हलपर पर्याय उघडायला सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते. वटपौर्णिमेचे सात फेरेच. चुकून सात फेरे कुणी घालत नाही.

---

सातासमुद्रा | बुधवार, दुपारी १:१०

फ्रँकफर्टहून. माझं निम्मं रविवार-आयुष्य बाबांच्या फोनची सेटिंग्ज व्हिडिओ कॉलवर शोधण्यात जातं, त्यामुळे हा धागा काळजाला भिडला.

आधी किस्सा. बाबांनी नवा टीव्ही घेतला, कंपनीचं नाव जाऊ द्या. पहिल्यांदा चालू केल्यावर त्यानं विचारलं, 'होम की स्टोअर?' बाबांनी स्टोअर दाबलं. का? "दुकानातूनच तर आणलाय." मग तीन महिने आमचा टीव्ही झगझगीत रंगांत जाहिरातीच्या पट्ट्या दाखवत होता, आणि बाबा रोज ब्राइटनेस कमी करायचे, टीव्ही तो थोड्या वेळानं परत वाढवायचा. आई म्हणायची, याला भूतबाधा झालीय.

बाबा इंजिनिअर आहेत हो, पाटबंधारे खात्यातले. प्रश्न अकलेचा नाहीच. 'हा टीव्ही दुकानात मांडून ठेवायचा आहे की घरी बघायचा आहे?' असं विचारलं असतं तर?

आता मुद्दा. तात्या म्हणतात तो फरक बघण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फायरफॉक्सच्या त्या पानावर 'फक्त बदललेलेच दाखवा' अशी सोय आहे. मी जो कोड एडिटर वापरते त्यात, व्हीएस कोडमध्ये, शोधपट्टीत '@' लावून 'मॉडिफाइड' लिहिलं की मी मूळच्यापेक्षा काय काय बदललंय ते सगळं समोर येतं. एकेक ओळ परत मूळपदावर आणता येते. म्हणजे ही सोय कुणाला मिळाली? प्रोग्रामरला. ज्याला स्वतःच्या बदलांचा माग तसाही काढता आला असता त्याला. बाबांना काय मिळतं? सगळं फॅक्टरीसारखं करा, नाहीतर काहीच नाही. 'काल काय हात लागला ते दाखव' हे बाबांना हवंय, आणि तेच त्यांच्या फोनमध्ये नाही.

---

कपाटकिल्ली | बुधवार, दुपारी १:३५

सातासमुद्रा, 'काल काय हात लागला' ही सेटिंग्जच्या पानाची पहिली ओळ असायला हवी. तारीख, वेळ, कुणी, आधी काय होतं. आमच्या दाखल नोंदवहीत खाडाखोड करायची नसते, एक रेघ मारून वर नवं लिहायचं आणि सही करायची. जुनं वाचता आलं पाहिजे.

---

अनुस्वार | बुधवार, संध्याकाळी ६:२०

सॉफ्टवेअरची भाषांतरं करते, म्हणून या वाक्यांच्या प्रकरणात माझी दोन आणे भर.

आम्हाला भाषांतराला काय येतं ते सांगते. पडदा येत नाही. शब्दांची यादी येते. 'ओपन'. क्रियापद की विशेषण? 'उघडा' लिहिलं की आज्ञाही होते आणि उघडाबंबही होतो. 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर की हक्क? 'सेव्ह' म्हणजे जतन करा की वाचवा? यातून मग ते जगप्रसिद्ध प्रश्नोत्तर जन्माला येतं:

'तुम्हाला ही मागणी रद्द करायची आहे का?'
[ठीक आहे] [रद्द करा]

आता सांगा, मागणी रद्द करायला काय दाबायचं?

'डिफॉल्ट'चं तर विचारू नका. 'मुलभूत' असं ऱ्हस्व उकारानं लिहिलेलं सगळीकडे दिसतं. दीर्घ केला तरी 'मूलभूत' म्हणजे पायाभूत. 'मूलभूत प्रिंटर' म्हणजे काय असतं? मी हल्ली 'नेहमीचा' लिहिते. नेहमीचा प्रिंटर. एकानंही अर्थ विचारलेला नाही.

आणि कपाटकिल्लीताईंच्या वाक्यांबद्दल एक धोक्याची सूचना, दहीभात यांच्यासाठी. इंग्रजीत 'परवानगी द्या' किंवा 'देऊ नका' हे वाक्याच्या सुरुवातीला येतं, म्हणून खाच सुरुवातीला आणि पुढे उरलेलं वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी. तुम्ही कोडमध्ये 'आधी खाच, मग मजकूर' असं पक्कं बांधलंत तर मराठीत हे होतं:

'[परवानगी द्या] सभासदाला उचल थकीत असताना नवी उचल'

हे मराठी नाही, तार आहे. खाच वाक्यात कुठेही हलवता आली पाहिजे:

'जुनी उचल थकीत असताना सभासदाला नवी उचल [द्यावी / देऊ नये].'

आधी मराठीत वाक्य लिहा, मग खाच कुठे पडते ते बघा. तुमचे गिऱ्हाईक मराठी आहेत, तुम्ही मराठी आहात, मग इंग्रजीत लिहून त्याचं भाषांतर करायचा द्राविडी प्राणायाम कशाला?

---

खिळाजुळारी | बुधवार, रात्री ८:०५

अनुस्वार यांच्या म्हणण्याला पुरवणी. नुसता शब्द नाही, कप्पेसुद्धा प्रोग्रामरच्या डोक्यातले असतात. लिब्रऑफिसमध्ये कागदपत्राच्या भाषेचे तीन गट आहेत: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. आता मराठी कुठे? आपण आशियातच राहतो, तेव्हा सरळ एशियन बघणार. तिथे चिनी, जपानी, कोरियन. मराठी सापडते तिसऱ्या कप्प्यात, अरबी, हिब्रू आणि थाईच्या मांडीला मांडी लावून.

कारण तांत्रिक आहे आणि त्यांच्या जागी बरोबर आहे. अक्षरं एकमेकांना जोडून नवा आकार घेतात, वेलांट्या मागे येतात, म्हणून 'कॉम्प्लेक्स'. मी हयातभर अक्षरं जुळवली आहेत, मला ते कळतं. पण हा गट अक्षर पडद्यावर कसं काढायचं यावरून पाडलाय, ते कोण वाचतं यावरून नाही. मराठीसाठी नेहमीचा फाँट ठरवायचा तर ते आधी ठाऊक हवं. यादीत नुसतं 'मराठी' निवडा, कप्पा तुमचा तुम्ही शोधा, असं करता आलं नसतं का?

तुमच्या ४३ ओळींतही असं बघा. 'सेशन', 'पोर्ट', 'पोलिंग' हे कप्पे दुधाचे नाहीत.

---

पाचवा_मजला | बुधवार, रात्री ८:३०

यात भाबडेपणा नको म्हणून सांगतो, काही पानं मुद्दाम अवघड असतात. वर्गणी सुरू करायला एक बटण, बंद करायला सात पडदे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार नाव घेऊन सांगितले. दहीभात त्यातले नाहीत, हे उघड आहे.

---

दहीभात | बुधवार, रात्री ९:१०

तो आरोप तरी नको बुवा 🙏

---

सकाळ_संध्याकाळ | बुधवार, रात्री ९:५५

मी एका दूध संस्थेचा सचिव हाय. हा धागा पुतण्यानं दाखवला. लिहायला त्योच बसलाय, बोलतोय मी.

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय. पण एक गोष्ट कुणी बोललं न्हाई. फॅटचा दुसरा आकडा वर धरायचा का सोडायचा, ह्यो सचिवाच्या मर्जीचा विषयच न्हाई. त्याला संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठराव नंबर, तारीख, इतिवृत्तात नोंद. आमच्याकडं तर ठराव झाल्यावर फळ्यावर लिहून आठ दिवस ठेवतो, मगच लागू. तुमच्या कॉम्प्युटरात ते एका टिचकीवर बदलतंय, म्हंजे सचिवाला मंडळापेक्षा मोठं केलं तुमी. उद्या कुणी मुद्दाम बदललं तर?

कागदाची रुंदी माझी मी बदलीन, त्याला ठराव कशाला. ही दोन एका पानावर कशी काय बसवली सायेब?

---

वजाबाकी | बुधवार, रात्री १०:१२

सचिवसाहेब, जिंकलंत.

दहीभात, हे घ्या तुमचं उत्तर. आम्ही सगळे शब्द आणि फळ्या बोलत बसलो. ते म्हणतात त्या ४३ ओळी एका जातीच्याच नाहीत.

---

दहीभात | बुधवार, रात्री ११:३०

खरंच आहे. आत्ता कागद घेऊन बसलो आणि ४३ ओळी त्या नजरेनं वेगळ्या केल्या.

संस्थेचे नियम, ज्यांना ठराव लागतो: ९. फॅट कसं धरायचं, उचलीची मर्यादा, गाय-म्हैस वेगळी की एकत्र वगैरे.
रोजच्या कामाची सोय, ज्याची त्यानं बदलावी: ११. कागद, अक्षराचा आकार, कुठला आवाज.
यंत्रं जोडण्याचं: १४. हे मी किंवा मुलगा जाऊन एकदाच करतो.

उरल्या ९. या ९ ओळी कुणीच कधी बदललेल्या नाहीत. माझ्याकडच्या सगळ्या संस्थांचे बॅकअप चाळले, सगळीकडे मी भरलेलीच किंमत. त्या का आहेत? लिहिताना मला ठरवता आलं नाही म्हणून. 'बघू, गिऱ्हाईक ठरवेल' म्हणून खाच करून ठेवली. नऊच्या नऊ उद्या काढतो. तात्या, या नऊंसाठी भांडू नका.

---

टर्मिनल_तात्या | बुधवार, रात्री ११:४१

नाही भांडत. पण एक शंका. राउंडिंग करताच कशाला? मशीन दोन दशांश देतं, दोन दशांशांवर दर काढा, भांडणच मिटलं.

---

सकाळ_संध्याकाळ | गुरुवार, सकाळी ११:०५

दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं. ४.५ चा दर, ४.६ चा दर. सभासद पावती घेऊन भिंतीवर बोट ठेवतो आन् बघतो. ४.५७ ला बोट कुठं ठेवणार?

---

टर्मिनल_तात्या | गुरुवार, सकाळी ११:०९

शंका मागे घेतली.

---

दहीभात | पुढचा सोमवार, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण काल नवं पान घेऊन भाऊंकडे गेलो होतो.

'ॲडव्हान्स्ड' टॅब गेला. फॅटची ओळ आता 'संस्थेचे नियम' या पानावर आहे, अशी:

'फॅटचा दुसरा दशांश ५ किंवा जास्त असेल तर पुढचा पॉइंट [धरावा / धरू नये].'

खाली त्याच दिवशीची पहिली खरी पावती घेऊन हिशोब दिसतो: 'गाय, १० लिटर, मशीनवर ४.५७. धरल्यास ४.६, दर ३३.३०, रक्कम ३३३ रुपये. न धरल्यास ४.५, दर ३३.००, रक्कम ३३० रुपये.' खाच हलवली की आजच्या सगळ्या संकलनावर किती फरक पडेल तोही आकडा बदलतो. जपून ठेवायला ठराव क्रमांक आणि तारीख लागते, आणि बदल लागू होतो पुढच्या बिलाच्या पहिल्या दिवसापासून, मध्येच नाही. वर सातासमुद्रा आणि कपाटकिल्लीताईंची पट्टी: कधी, कुणी, आधी काय होतं. जुन्या ओळीवर रेघ मारलेली दिसते, पण वाचता येते.

मी काहीही न बोलता भाऊंसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं. हिशोबावर दोन वेळा बोट फिरवलं. मग त्या वहीवाल्या आजोबांना हाक मारली, त्यांनाही वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "हे भितीवर लावा छापून." म्हणजे आता छापायचं बटण द्यावं लागणार.

मी खूश होऊन निघणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "ते झालं वो. पण पावती अजून तिरकीच येतीया. कागदाचं कुठं गेलं?"

म्हटलं भाऊ, आता सोपं केलंय, पावतीच्या शेजारीच आहे. ते दातेरी चाक दिसतंय ना, तिथे.

भाऊंनी बराच वेळ बघितलं. "ते व्हय? मला वाटलं सूर्य हाय. सकाळचं संकलन."

---

अनुस्वार | पुढचा सोमवार, रात्री ९:२६

चाक काढा. 'कागद' लिहा.

---

दहीभात | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

लिहिलं. उद्या पहाटे मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन जातोय.